थेंब बुडायला हवा

पौलमी सांतराच्या रक्ताचा थेंब तरंगला, आणि तो तरंगल्याचं कटव्यातल्या निदान चारशे माणसांना जागच्या जागी कळलं, कारण त्या क्षणी माइक तिच्या वडिलांच्याच हातात होता.

निमाई सांतरा पोटासाठी पोस्टात कारकून होते. बाकी सगळ्यासाठी ते गल्लीतल्या 'उदयाचल संघा'चे सचिव होते. कालीपूजा आटोपली, की मंडपाचे बांबू उतरायच्या आत त्याच मंडपात संघाचं रक्तदान शिबिर भरायचं. निमाईबाबूंनी आजवर एकोणपन्नास वेळा रक्त दिलं होतं. पन्नासावं मात्र ते गेली दोन वर्षं राखून होते. लेकीचं पहिलं आणि आपलं पन्नासावं, शेजारशेजारच्या खाटांवर, एकाच वेळी, असा त्यांचा बेत होता आणि तो पौलमी नववीत असतानाच ठरला होता. ती अठरा वर्षांची झाली त्या वर्षी तिला डेंग्यू झाला, पुढच्या वर्षी परीक्षा आडवी आली. यंदा कुठे योग जुळला होता.

"आणि आता," निमाईबाबू खाटेवर पडल्या पडल्या माइकमध्ये सांगत होते, "रक्त द्यायला येत आहे आपल्याच गल्लीची कन्या, कालन्याच्या कॉलेजात पोषणशास्त्र शिकणारी..."

टेबलाशी बसलेल्या तरुण डॉक्टरने कन्येच्या बोटाला टोचलं आणि रक्ताचा थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडला. परीक्षा साधी असते. रक्तात दम असला तर थेंब तळाला जातो, नसला तर वर येतो. इतर सगळीकडे बुडणारा नापास होतो, इथे तरंगणारा. पौलमीचा थेंब निम्म्यापर्यंत खाली गेला, काहीतरी विसरल्यासारखा थांबला आणि परत वर आला.

"नाही चालायचं," डॉक्टर म्हणाला. "लोह कमी आहे. काय शिकतेस म्हणालीस?"

"पोषणशास्त्र."

तो हसला असता तर परवडलं असतं. त्याने नुसती मान डोलावली आणि पुढच्याला बोलावलं.

निमाईबाबू खाटेवरून उठले, वर केलेली बाही त्यांनी खाली केली आणि बटण लावलं. "पन्नासावं थांबेल, मा," ते म्हणाले. लेकीला ते 'मा'च म्हणत. "देऊ तर जोडीनेच देऊ." हे ते तिच्या कानात म्हणाले असं त्यांना वाटलं. माइक चालूच होता. पलीकडच्या गल्लीतल्या औषधवाल्याने दुकानाबाहेर येऊन हळहळ व्यक्त केली. संघातल्या कुणीतरी दयेपोटी दात्यांचा डबा पौलमीपुढे धरला. उकडलेलं अंडं, दोन केळी आणि संदेश नावाची एक मिठाई. निमाईबाबूंनी तो अर्ध्या वाटेतून परत पाठवला. डबा फक्त दात्याला मिळतो. नियम म्हणजे नियम. पौलमीची आई त्या वेळी आसनसोलला थोरल्या मुलीच्या बाळंतपणाला गेली होती, नाहीतर तिने डबा आणि माइक दोन्ही ताब्यात घेतलं असतं.

कालन्याच्या कॉलेजातलं शिबिर फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी होतं. निमाईबाबूंनी गाडीत बसवून देताना तिला एवढंच सांगितलं, "तीन महिने आहेत. पोटभर जेव म्हणजे झालं."

पोटभर जेवायला पौलमीच्या वसतिगृहात, कुमुदिनी छात्रीनिवासात, कोणाचीच ना नव्हती. तेवीस मुली रोज दोन वेळा भाताचे डोंगर उपसत. डोंगरावर पातळ मसुराची डाळ, बाजूला माशाचा एक तुकडा, आणि तो तुकडा एकटा पडू नये म्हणून चार बटाटे. मधल्या वेळी कोपऱ्यावरचा फुचका म्हणजे पाणीपुरी, अंड्याचा रोल आणि चहा. जेवणाआधी चहा, जेवणावर चहा, चहा प्यायलो नाही याची आठवण झाली म्हणून चहा. पौलमीने विभागाच्या प्रयोगशाळेत मोरचुदाचं पाणी तयार केलं आणि तेवीसही जणींच्या बोटांना टोचलं. एकोणीस थेंब तरंगले. उरलेल्या चार जणींना ही आपली काही चूक झाली असं वाटून त्या ओशाळल्या.

छात्रीनिवासातला मेस मुलीच चालवत. दर महिन्याला एक मॅनेजर. बाजार तिचा, बेत तिचा, आणि शिव्याही तिच्याच. महिन्याच्या शेवटच्या दिवशी मोठी मेजवानी व्हायची, आणि कोणती मॅनेजर चांगली आणि कोणती वाईट हे इतिहासात त्या मेजवानीवरून ठरायचं. आणखी एक जुना रिवाज होता. मॅनेजर सगळ्यात शेवटी जेवते. बावीस ताटं वाढून झाली की पातेल्यात जे उरेल ते तिचं. यात त्यागाची भावना होती असं माजी मॅनेजर सांगत. पातेल्यात सहसा तेवढीच उरत असे.

डिसेंबर-जानेवारी हे परीक्षेचे महिने. मॅनेजर व्हायला कोणी पुढे येईना. पौलमी म्हणाली, "दोन्ही महिने मी घेते."

तिसऱ्या वर्षाची मधुछंदादी राज्यशास्त्राची होती आणि कोणत्याही सभेत आपोआप विरोधी पक्षात जाऊन बसायची. ती म्हणाली, "एवढ्या हौसेने मागणाऱ्याच्या हातात स्वयंपाकघर देऊ नये. हिच्या डोक्यात काहीतरी आहे."

होतंच. पौलमीच्या डोक्यात एक तक्ता होता. लोह अमुक, प्रथिनं तमुक, सोमवार केळफूल, मंगळवार अळूचे देठ, बुधवार कलेजी. चार रंगांत रंगवून तिने तो चुलीसमोर चिकटवला.

पुतुलमावशी या चुलीवर सव्वीस वर्षं रांधत होत्या. त्यांनी तक्त्याकडे बघितलं, पदराने चेहरा पुसला आणि विचारलं, "यात आलू कुठेय?"

"आलू कमी करायचाय, मावशी."

"कमी?"

"जवळजवळ बंदच."

मावशींनी पळी खाली ठेवली. "पोरी, तुला घरी काही झालंय का? आईची खुशाली ठीक आहे ना?"

तक्ता चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी त्यावर डाळीची उकळी उडाली आणि गुरुवार ते शनिवार एकच पिवळा वार झाला.

खरी सुरुवात झाली ती कुलेखाड्याने. तळ्याकाठच्या चिखलात उगवणाऱ्या या काटेरी झुडपाचा रस प्यायला की रक्त वाढतं, हे बंगालात सगळ्या आज्यांना, वैद्यकी करणाऱ्या कविराजांना आणि भाजीवाल्या गोपेनकाकांना पक्कं ठाऊक आहे. पौलमीच्या पुस्तकात कुलेखाडा नव्हता, पण पोषणशास्त्राचा अपमान काही कुलेखाड्याने केलेला नव्हता, तेव्हा तिने त्याला प्रवेश दिला. गोपेनकाका रोज एक मोळी आणू लागले. सकाळी सहा वाजता, दात घासायच्या आत, तेवीस पेले हिरवा रस जेवणघरासमोरच्या व्हरांड्यात रांगेने मांडलेले असत. रसाची चव कशी होती हे सांगणं अवघड आहे. पहिल्या वर्षाची टुंपा म्हणाली, "तळ्याची आहे. सगळ्या तळ्याची."

पण पेले रिकामे होत. पौलमी रोज मोजून घेई आणि समाधानाने बाजाराला जाई. तिसऱ्या आठवड्यात तिच्या लक्षात आलं, की व्हरांड्याच्या कोपऱ्यातल्या कुंडीतली जास्वंद, जी गेल्या चार बॅचमध्ये कोणी फुललेली बघितली नव्हती, ती भर थंडीत लालभडक फुलांनी वाकली आहे. पानं तळहाताएवढी झाली होती. अधीक्षिका दिदिमणींनी माळ्याला शाबासकीही दिली होती. पौलमी कुंडीपाशी गेली. माती हिरवी होती.

वसतिगृहात त्या वेळी सर्वांत सुदृढ रक्त कोणाचं असेल, तर ते त्या जास्वंदीचं.

रस फसतोय म्हटल्यावर पौलमी कढईकडे वळली. लोखंडी कढईत रांधलं तर लोह आपोआप अन्नात उतरतं, हे मात्र पुस्तकातच होतं. मेसमध्ये सगळी भांडी ॲल्युमिनियमची. पण पुतुलमावशींच्या आठवणीत एक प्रचंड लोखंडी कढई होती, आणि ती कॉलेजच्या भांडारात पडलेली होती. भांडार हाराधनबाबूंच्या ताब्यात होतं.

"आहे कढई," हाराधनबाबू चष्मा वर करून म्हणाले. "पण ती बाद आहे."

"लोखंडाची कढई बाद कशी होईल, काका?"

"कढई चांगली आहे. रजिस्टरात बाद आहे. बाद मालाचा लिलाव होतो. लिलाव झाल्याशिवाय तिला हलवता येत नाही."

"लिलाव कधी आहे?"

"बाद मालाची समिती बसली की."

"समिती कधी बसते?"

"अध्यक्षांनी बोलावली की. अध्यक्ष पाच वर्षांपूर्वी निवृत्त झाले."

पौलमीने अर्ज केला. अर्ज तीन प्रतींत हवा होता. तीन प्रतींवर अधीक्षिका कणिका दिदिमणींची सही हवी होती. दिदिमणी इतिहास शिकवत, आणि कोणत्याही कागदावर पुराव्याशिवाय सही करत नसत. ही कढई वसतिगृहाचीच कशावरून, असं त्यांनी विचारलं. पुतुलमावशींनी पदर खोचून साक्ष दिली, की एका सरस्वतीपूजेला तिच्यात खिचडी करताना तिचा उजवा कान त्यांच्या हातून चेपला होता. भांडारात जाऊन कान तपासण्यात आला. चेपलेला निघाला. तरीही नियम आडवा येतच होता. शेवटी हाराधनबाबूंनीच वाट काढली. बाद वस्तू वापरायला देता येत नाही, पण तपासणीसाठी देता येते.

"तपासणी किती दिवस चालेल?" त्यांनी लेखणी उचलून विचारलं.

"फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारपर्यंत," पौलमी म्हणाली.

"तपासणी चालू असताना कढईखाली जाळ असू नये, असं कुठे लिहिलेलं नाही," हाराधनबाबू छताकडे बघत म्हणाले. मग हळूच, "माझी धाकटी पण अशीच आहे हो. पांढरीफटक. काही उपयोग झाला तर मला सांग."

चार जणींनी मिळून कढई वाहून आणली. चिंच आणि वाळूने ती दोन दिवस घासली. तिसऱ्या दिवशी तीत केळफुलाची भाजी झाली आणि भाजी काळी झाली. डाळ झाली, तीही काळी. अळूचे देठ तर असे झाले, की मधुछंदादीने ताट दिव्याखाली धरून विचारलं, "ही भाजी आहे की रस्त्याचं काम?"

"लोह आहे ते," पौलमी म्हणाली.

"लोह मला हवंय. रूळ नकोत."

याच सुमारास सल्लागारांना सुगावा लागला. कुंपणापलीकडच्या रेबावहिनींनी भिंतीवरून केळीचा गाभा पाठवला आणि तो कसा चिरायचा हे भिंतीवरूनच सव्वा तास समजावलं. चौकातले होमिओपॅथीचे डॉक्टर म्हणाले की गाभा ठीक आहे, पण त्यावर बीट हवं. गोपेनकाका म्हणाले की बीट हवंच, पण कच्चं. कणिका दिदिमणी म्हणाल्या की सगळ्याच्या आधी कोमट लिंबूपाणी. पौलमीने सगळ्यांचं सगळं एकाच आठवड्यात अमलात आणलं. त्या आठवड्यात छात्रीनिवासात रक्ताचं काय झालं कोणी पाहिलं नाही, कारण तेवीसही जणी पोट धरून बसल्या होत्या. बंगाली माणूस राजकारण सोडून कशावर तासन्‌तास बोलत असेल तर ते स्वतःच्या ॲसिडिटीवर, आणि त्या आठवड्यात जेवणघरात राजकारणाचं नाव निघालं नाही.

आणि तशात पौलमीने चहाला हात घातला.

पुस्तकात स्पष्ट होतं. जेवणावर लगेच चहा घेतला, की खाल्लेलं लोह अंगी लागत नाही. जेवणानंतर दीड तास चहा बंद, अशी सूचना तिने फळ्यावर लिहिली. कुलेखाडा मुलींनी सोसला होता, म्हणजे जास्वंदीने सोसला होता. काळी डाळ सोसली, बीट सोसलं. पण दुपारच्या भातावरचा चहा हा जन्मसिद्ध हक्क होता. दुसऱ्याच दिवशी अंगणात मोर्चा निघाला. पुढे मधुछंदादी, मागे ताटं वाजवत एकवीस जणी.

"चहावरची बंदी..."

"चालणार नाही, चालणार नाही!"

"बटाट्याची हकालपट्टी..."

"चालणार नाही, चालणार नाही!"

गडबड ऐकून कणिका दिदिमणी गच्चीत आल्या आणि शिस्तीवर चार शब्द बोलल्या. त्यांच्या हातात चहाचा कप होता. त्यावर मोर्च्याने त्यांचाच जयजयकार केला.

पौलमी खोलीत जाऊन बसली. वडिलांचा फोन आला.

"कशी आहेस, मा? जेवतेस ना नीट?"

"जेवते. तुम्ही काय जेवलात, बाबा?"

"आलूभाते. भात, त्यात कुस्करलेला आलू. अजून काय लागतं माणसाला? आई येईपर्यंत झकास चाललंय. बरं, फेब्रुवारीतल्या त्या रविवारची मी रजा टाकून ठेवलीय."

"रविवारी रजा कशाला लागते, बाबा?"

"संघातून," निमाईबाबू गंभीरपणे म्हणाले.

फोन ठेवल्यावर तिला रडू आलं. तिने ते दाबलं, तोंड धुतलं आणि संध्याकाळच्या भाजीसाठी पिशवी घेऊन बाहेर पडली. निघता निघता तिने सगळ्यांमागून उरलेलं खाऊन घेतलं होतं. स्टेशनरस्त्यावरच्या चहावाल्याकडून मातीच्या कुल्हडाचा वास आला. पाय आपोआप थांबले. तिने एक घेतला. डोळे मिटून पहिला घोट घेतला आणि डोळे उघडले, तर समोर मधुछंदादी.



"जेवून किती वेळ झाला तुला?" मधुछंदादीने विचारलं.

"दहा मिनिटं."

"आणि दीड तास?"

पौलमीने कुल्हड पाठीमागे लपवला. इतका मोठा अधःपतनाचा क्षण तिच्या आयुष्यात कटव्याच्या मंडपानंतर हाच. तिला वाटलं, ही आता इथूनच घोषणा देत परत जाणार. पण मधुछंदादी बाकावर बसली. "दादा, अजून एक," ती चहावाल्याला म्हणाली, आणि मग पौलमीला, "काय गं, एवढं कशासाठी चाललंय तुझं? नुसत्या मार्कांसाठी कोणी कढई आणायला भांडारात जात नाही."

मग पौलमीने सांगितलं. माइक, तरंगलेला थेंब, शेजारशेजारच्या दोन खाटा, आणि खाली करून बटण लावलेली ती बाही.

मधुछंदादीने उरलेला चहा एका घोटात संपवला. "हे आधी सांगायचंस ना, गाढवे," ती म्हणाली. "आम्हाला वाटलं तू आमच्यावर प्रयोग करतेयस."

"करतच होते."

"ते कळलंय. जास्वंद छान आलीय."

त्या संध्याकाळी मधुछंदादी स्वतः स्वयंपाकघरात गेली. विरोधी पक्ष सरकारात येताना जशा अटी घालतो तशा तिने घातल्या. चहा मिळेल, पण दीड तासाने, आणि त्याच्याबरोबर काहीतरी तळलेलं हवं. पुतुलमावशी कढईपाशी पाटावर बसून ऐकत होत्या.

"झालं तुमचं?" त्या म्हणाल्या. "सव्वीस वर्षं पोरींना वाढतेय मी. औषध म्हणून दिलंस की ते कुंडीत जातं. भजं म्हणून दे, पोटात जातं."

मावशींनी कुलेखाड्याची पानं बारीक चिरून मसुराच्या वाटलेल्या डाळीत घातली, कांदा-मिरची घातली आणि मोहरीच्या तेलात वडे सोडले. पहिल्या घाण्याचे वडे जेवणघरापर्यंत पोचलेच नाहीत. बीट कच्चं राहिलं नाही. शेंगदाणे घालून त्याच्या कटलेटसारख्या चॉप झाल्या. मोठ्या माशाच्या एका तुकड्याऐवजी काट्यासकट चावून खायचे बारके मासे आले आणि त्यावर लिंबू पिळलं गेलं. कलेजीच्या रश्शात बटाटा परत आला. "आलू राहील," मावशींनी बजावलं. "आलू गेला तर त्याच्यामागे मीही जाईन." रात्री दुधात खजुराचा नवा गूळ. आणि काळ्या रंगाचं मावशींनी असं केलं, की कढईत रांधलेलं त्या भाजी झाल्या झाल्या दुसऱ्या पातेल्यात काढू लागल्या. इतकी साधी गोष्ट. पौलमीच्या पुस्तकात ती नव्हती.

त्या रात्री पंगत मांडताना मावशींनी पौलमीच्या हातातली पळी काढून घेतली.

"बस. आधी तू जेव."

"मॅनेजर शेवटी जेवते, मावशी. रिवाज आहे."

"रिवाज मला सांगू नकोस, मी त्याच्या आधीची आहे. दीड महिना बघतेय तू शेवटी काय जेवतेस ते. रश्शातलं पाणी आणि एक आलू. बावीस जणींचं रक्त वाढवायला निघालीस, तुझं कोण वाढवणार?" त्यांनी तिच्या पानात भात वाढला, भातात खळगा केला आणि त्यात कलेजीचा रस्सा ओतला. "खा. मी बघतेय."

बावीस मुली पळ्या-पातेल्यांसह उभ्या राहिल्या आणि छात्रीनिवासाच्या इतिहासात पहिल्यांदा मॅनेजर सगळ्यांच्या आधी जेवली. मधुछंदादीने लिंबू पिळून दिलं. पौलमीने पान चाटूनपुसून साफ केलं.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी निमाईबाबू सकाळच्या गाडीने आले. डोक्याला माकडटोपी, छातीवर संघाचा बिल्ला, हातात गुळाची हंडी. कोट खांद्यावरून जरा घसरत होता. पौलमीने ते पाहिलं, पण सभागृहात गर्दी होती, तेवीस मुलींची रांग होती, आणि निमाईबाबूंच्या नजरेस एव्हाना कोपऱ्यातला माइक पडला होता. माइक मोकळा दिसला की त्यांना तो घरातल्या माणसासारखा वाटायचा. दोन मिनिटांत तो त्यांच्या हातात होता.

रांग सरकू लागली. टुंपाचा थेंब तळाला गेला.

"बुडाला!" मुली ओरडल्या.

मधुछंदादीचा थेंब दगडासारखा गेला. "बुडाला!" एकामागून एक थेंब बुडत होते आणि सभागृह दुमदुमत होतं. नोव्हेंबरात चार बुडाले होते, आज दोन सोडून सगळे. हाराधनबाबू मागच्या भिंतीला टेकून बोटांवर मोजत होते.

पौलमी टेबलाशी आली. तिच्या रिवाजाप्रमाणे ती शेवटचीच होती. डॉक्टरीणबाईंनी थेंब सोडला. थेंब निम्म्यापर्यंत गेला. थांबला. पौलमीने श्वास धरला, मागे बावीस जणींनी धरला, माइकमधून निमाईबाबूंचा धरलेला श्वासही सगळ्यांना ऐकू आला. थेंबाने क्षणभर विचार केला, आणि सावकाश, आब राखून, तळाला जाऊन बसला.

जो आरडाओरडा झाला त्यात पुतुलमावशींचा आवाज सर्वांत वर होता.

"आणि आता," निमाईबाबू माइकमध्ये म्हणाले, आवाज जरा ओला होता, "पन्नासावं!" त्यांनी दिमाखात बाही वर केली आणि बोट पुढे धरलं.

त्यांचा थेंब पाण्यात पडला, थोडा खाली गेला आणि तुरुतुरु वर आला.



"काका," डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "जेवणात काय असतं?"

"आलूभाते."

"आणखी?"

"त्यावर तूप."

"आणखी?"

"चहा."

"किती वेळा?"

निमाईबाबूंनी इकडे तिकडे बघितलं. "सात. आठ."

"जेवणावर लगेच?"

"नाही, नाही," निमाईबाबू घाईने म्हणाले. "जेवणाबरोबरच."

हे सगळं माइकवरून गेलं. कटव्यात जे चारशे जणांनी ऐकलं होतं त्याची परतफेड कालन्यात झाली.

"आई आसनसोलला जाऊन किती महिने झाले, बाबा?" पौलमीने माइक त्यांच्या हातातून काढून बंद केला.

"पाच," ते पुटपुटले. "आलूभातेच येतं गं मला. तुला काळजी लागेल म्हणून झकास म्हणायचो." ते बाहीचं बटण लावायला लागले. बटण काजात जाईना. पौलमीने ते लावून दिलं.

"रक्त द्यायला चल," डॉक्टरीणबाई पौलमीला म्हणाल्या.

पौलमी खाटेवर आडवी झाली. शेजारची खाट रिकामीच राहिली. निमाईबाबू तिच्या काठावर बसले आणि त्यांनी लेकीचा मोकळा हात धरला. एकोणपन्नास वेळा स्वतःच्या दंडात सुई जाताना त्यांनी डोळ्याची पापणी हलू दिली नव्हती. आता त्यांनी मान वळवून भिंतीवरचं घड्याळ बघायला घेतलं, आणि पिशवी भरेपर्यंत घड्याळच बघत राहिले.

उठल्यावर पौलमीला दात्याचा डबा मिळाला. अंडं, दोन केळी, संदेश. तिने अंडं सोलून वडिलांपुढे धरलं.

"डबा फक्त दात्याला," निमाईबाबू मागे सरले. "नियम म्हणजे नियम."

"डबा दात्यालाच मिळालाय. दात्याने तो कोणाला द्यावा याचा नियम दाखवा."

निमाईबाबूंनी मदतीसाठी सभोवार बघितलं. हाराधनबाबू पुढे आले. "रजिस्टरात तसं काही नाही," त्यांनी निकाल दिला.

निमाईबाबूंनी अंडं खाल्लं.

"माझी पुढची तारीख चार महिन्यांनी," पौलमी म्हणाली. "जूनचा पहिला रविवार. माझं दुसरं, तुमचं पन्नासावं. रजा टाका." मग तिने दप्तरातून चार रंगांतला तक्ता काढला. गुरुवार ते शनिवार त्यावर डाळ होती, पण बाकीचे वार ठीक होते.

दुपारी पाहुण्यांना व्हरांड्यापर्यंत यायची मुभा होती. पुतुलमावशींनी निमाईबाबूंना खुर्ची दिली, कोट घसरतोय तो नीट करायला सांगितलं, आणि वडे तळून होईपर्यंत म्हणून एक पेला आणून त्यांच्या हातात ठेवला. रस हिरवागार होता. निमाईबाबूंनी एक घोट घेतला. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. बावीस मुली खांबांच्या आडून बघत होत्या. निमाईबाबूंनी पेला गुडघ्यावर ठेवला, लेकीकडे बघून समाधानाने हसले, आणि नजर अगदी सहज, जणू फुलं बघायला म्हणून, कोपऱ्यातल्या जास्वंदीकडे वळवली.

"बाबा," पौलमी म्हणाली, "त्या कुंडीकडे बघूसुद्धा नका."